एफटी८, विस्पर, पॅकेट: हौशी रेडिओ केंद्रातलं कोणतं काम यंत्राकडे द्यावं आणि कोणतं हातात ठेवावं?

लघुलहरी

यूएसबीवर ऑडिओ आणि कॅट (संगणकाकडून रेडिओला आज्ञा) दोन्ही देणारा १०० वॅटचा एचएफ (लघुलहरी) ट्रान्सीव्हर, त्याला जोडलेला सिंगल बोर्ड संगणक आणि बहुपट्टी डायपोल अँटेना अशी मांडणी आहे. रेडिओ एका खोलीत, ऑपरेटर दुसऱ्या खोलीत. एफटी८ (छोट्या संदेशांचे डिजिटल संपर्क) आणि विस्पर (प्रसरण तपासणारे क्षीण संकेत) यांसाठी डब्ल्यूएसजेटी-एक्स, पॅकेटसाठी (रेडिओवरून गठ्ठ्यांत माहिती पाठवणं) डायरवुल्फ आणि एक लॉगिंग प्रोग्रॅम वापरायचा आहे. पुढची कामं आपोआप व्हावीत अशी इच्छा आहे:

घड्याळ जुळवणं, ऐकलेल्या केंद्रांचे अहवाल पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाला पाठवणं, लॉगमध्ये नोंद, ठरावीक वेळी बँड बदलणं आणि रात्री विस्पर. एफटी८ वर संपर्कही आपोआप करणारे बदललेले प्रोग्रॅम मिळतात. त्यांच्याबद्दल जाणकारांचं मत हवं आहे.

सर्वात मोठी काळजी अशी की संगणक गोठला आणि पीटीटी (रेडिओला प्रक्षेपणात नेणारी कळ) अडकून राहिला तर काय? नेमके भाग आणि किमती (म्हणजे ओहम, फॅरड, सेकंद) द्याल तर उपयोग होईल.

द्विध्रुव

आधी पायाभूत गोष्टी, कारण नव्वद टक्के "सॉफ्टवेअर बिघडलं" प्रकार इथेच असतात.

सिरियल पोर्ट एकाच प्रोग्रॅमने उघडायचा. डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि लॉगर दोघांनी थेट पोर्ट धरला की दुसऱ्याला नकार मिळतो, किंवा दोघांच्या आज्ञा एकमेकींत मिसळतात आणि रेडिओ भलत्याच वारंवारतेवर जातो. हॅमलिब या रेडिओ-नियंत्रण लायब्ररीचा रिगसीटीएलडी हा मध्यस्थ प्रोग्रॅम आधी सुरू करा, पोर्ट फक्त तो धरेल. बाकी सगळ्यांना रेडिओ म्हणून "हॅमलिब नेट रिगसीटीएल" निवडून त्याच संगणकाचं ४५३२ क्रमांकाचं टीसीपी पोर्ट द्या. लिनक्सवर पोर्टचं नाव उपकरणाच्या ओळखीवरून बांधा. क्रमांकावर विसंबलात तर पुन्हा चालू केल्यावर क्रमांक बदलतात आणि जीपीएसच्या पोर्टवर कॅटच्या आज्ञा जायला लागतात.

घड्याळ: एफटी८ चा कालखंड १५ सेकंदांचा, त्यात प्रत्यक्ष प्रक्षेपण १२.६४ सेकंद. चूक एका सेकंदाच्या आत ठेवाच, अर्ध्या सेकंदाच्या आत असली तर उत्तम. इंटरनेट असेल तर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम पुरतो. नसेल तर यूएसबी जीपीएस. त्याला सुमारे दशांश सेकंदाचा उशीर असतो, तो इथे चालतो. बोर्डावर बॅटरीचं घड्याळ नसेल तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा: दोन पीपीएम (दशलक्षात दोन) म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ०.१७ सेकंदाची चूक, म्हणजे चार-पाच दिवस जाळ्याशिवायही काम चालतं.

तपासायची सोपी खूण डिकोडच्या (उलगडलेल्या संदेशांच्या) यादीतच आहे. जवळजवळ सगळ्या केंद्रांचा डीटी (सेकंदांतला कालफरक) +०.८ दिसत असेल तर आपलं घड्याळ तेवढं पुढे आहे. एखाद्याच केंद्राचा दिसत असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय.

ऑडिओ: रेडिओचे नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन आणि कॉम्प्रेसर बंद. शांत बँडवर पातळीमापक ३० डीबीच्या आसपास ठेवा. प्रक्षेपणात आवाज एएलसी (रेडिओचं आपोआप पातळी-नियंत्रण) जेमतेम हलेपर्यंत वाढवा आणि मग तो पूर्ण विझेपर्यंत खाली आणा. स्प्लिट (प्रक्षेपण आणि ग्रहण वेगळ्या वारंवारतांवर) "रिग" किंवा "फेक इट" ठेवा. त्यामुळे ऑडिओ स्वर १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहतो आणि त्याची दुप्पट ३००० च्या वर जाऊन रेडिओच्या फिल्टरमध्येच अडकते. ७०० हर्ट्झचा स्वर जास्त रेटून पाठवला तर १४०० वरही आपलं भूत उमटतं.

शक्ती ३० ते ४० वॅट पुरे. दर ३० सेकंदांत १२.६४ म्हणजे ४२ टक्के वेळ पूर्ण शक्ती, बोलण्यापेक्षा हा ताण फार जास्त आहे.

ठिणगी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पीटीटीबद्दल एक गोष्ट लगेच सांगायला हवी.

लिनक्समध्ये सिरियल पोर्ट उघडला की आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही नियंत्रण-रेषा आपसूक सक्रिय होतात. तुमचा पीटीटी आरटीएसवर असेल तर प्रोग्रॅम सुरू होताना, किंवा कुठल्याही दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट नुसता चाचपला तरी, रेडिओ प्रक्षेपणात जातो. यावर दोन उपाय आहेत. एक, पीटीटी कॅट आज्ञेने द्यायचा. दोन, सर्किट असं बांधायचं की आरटीएस सक्रिय आणि डीटीआर निष्क्रिय असेल तेव्हाच पीटीटी लागेल. पोर्ट उघडताना दोन्ही एकदम वर जातात, म्हणून काही होत नाही. डायरवुल्फच्या मांडणी फाइलमध्ये आरटीएससोबत उलट डीटीआर देण्याची सोय याचसाठी आहे.

व्हॉक्सच्या (आवाज आला की आपोआप प्रक्षेपण) नादी लागू नका. संगणकाचा सूचनाध्वनीही प्रक्षेपित होतो.

लघुलहरी

कॅट पीटीटी सोपा वाटतो. रेडिओच्या मेनूत टाइम-आउट टायमर (ठरलेल्या वेळाने प्रक्षेपण तोडणारा) आहे, किमान मर्यादा ३ मिनिटं. तेवढं पुरेसं नाही का?

अनुनाद

काही नसण्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही. एफटी८ मध्ये तीन मिनिटं म्हणजे सलग १२ कालखंड त्या जागेवर आपलाच आवाज.

शिवाय अडकलेला पीटीटी दोन प्रकारचा असतो. एसएसबीवर (ऑडिओ असेल तेवढीच शक्ती जाणारी पद्धत) प्रोग्रॅम गोठला आणि ऑडिओ थांबला तर अँटेनात जवळजवळ काहीच जात नाही, फक्त ग्राहक बहिरा होतो. पण ध्वनी बफर त्याच तुकड्यावर फिरत राहिला तर सलग स्वर जातो. एफएमवर, म्हणजे तुमच्या पॅकेट रेडिओवर, ऑडिओ असो वा नसो, वाहक लहर पूर्ण शक्तीनेच जाते आणि अख्खी सामायिक वाहिनी बंद पडते. म्हणून पॅकेटचा पीटीटी कधीही निव्वळ सॉफ्टवेअरवर सोडू नये.

मर्यादा घालणारा भाग संगणकाच्या बाहेर हवा आणि पीटीटी त्यातूनच गेला पाहिजे. कॅट आज्ञा या भागाला वळसा घालून जाते. त्यामुळे माझा कौल ठिणगी यांच्या दुसऱ्या उपायाला: आरटीएस-डीटीआर जोडीने तार, आणि मध्ये टायमर.

बरेच जण यासाठी ५५५ ही टायमर चिप लावतात. त्यात दोन सापळे आहेत. पहिला: ट्रिगर पिन २ सतत खाली धरून ठेवली तर ठरलेला वेळ संपला तरी आउटपुट वरच राहतं. म्हणजे पीटीटी अडकला असताना, नेमकी गरज असते तेव्हाच, टायमर निकामी. ट्रिगर कपॅसिटरमधून द्यावाच लागतो. दुसरा: २० सेकंदांसाठी १.८ मेगाओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतलं तर ५ व्होल्टवर शेवटी चार्जिंगचा प्रवाह फक्त ०.९ मायक्रोअँपिअर उरतो. साध्या इलेक्ट्रोलायटिकची गळती त्याहून जास्त निघाली तर व्होल्टेज दोन-तृतीयांशापर्यंत पोचतच नाही आणि टायमर कधीच संपत नाही. बिघाड धोक्याच्या बाजूला होतो, हे वाईट.

म्हणून सीडी४०६० घ्या. आत ऑसिलेटर आणि १४ टप्प्यांचा भाजक, मोठा कपॅसिटर लागतच नाही.

पुरवठा ५ व्होल्ट, पिन १६ ला धन आणि ८ ला ऋण, दोन्हींच्या मध्ये १०० नॅनोफॅरड अगदी चिपला चिकटून. पिन ९ पासून १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, पिन १० पासून १० किलोओहम, पिन ११ पासून १०० किलोओहम. तिघांची मोकळी टोकं एकत्र जोडा. पिन १२ रीसेट: पीटीटीची मागणी नसताना ती ५ व्होल्टवर असावी, मागणी येताच शून्यावर यावी. आउटपुट पिन ३.

आवर्तनकाळ साधारण २.३ गुणिले रोध गुणिले कपॅसिटर, म्हणजे २.३ मिलिसेकंद. पिन ३ वर जायला ८१९२ आवर्तनं लागतात, म्हणून १८.८ सेकंद. एफटी८ च्या १२.६४ ला भरपूर जागा. विस्परचं प्रक्षेपण ११०.६ सेकंदांचं, त्यासाठी १० च्या जागी ६८ किलोओहम आणि १०० च्या जागी ६८० किलोओहम लावा, मर्यादा १२८ सेकंद होते. दोन खांबांचा एक स्विच लावला की काम झालं.

महत्त्वाचं: पिन ३ पासून पिन ११ कडे १एन४१४८ डायोड, कॅथोड ११ च्या बाजूला. हा विसरला तर मोजणी चालूच राहते, तेवढाच वेळ आणखी गेल्यावर पिन ३ पुन्हा खाली येते आणि अडकलेला पीटीटी परत लागतो. डायोड लावला की वेळ संपताच ऑसिलेटर थांबतो आणि मागणी एकदा सुटेपर्यंत कुलूप तसंच राहतं.

शेवटी पीटीटी तेव्हाच लागावा जेव्हा पिन १२ आणि पिन ३ दोन्ही खाली असतील. दोन डायोडांनी दोन्ही रेषा एका एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसकडे आणा (बेसला १० किलोओहम, आणि डायोडांच्या जोडावरून जमिनीकडे ४७ किलोओहम). हा ट्रान्झिस्टर सुरू असेल तेव्हा पीसी८१७ ऑप्टोकपलरच्या (प्रकाशातून जोडणारा विलग स्विच) एलईडीला शॉर्ट करेल. एलईडीला ५ व्होल्टकडून ४७० ओहम. ऑप्टोची दुसरी बाजू रेडिओच्या पीटीटी आणि जमिनीमध्ये, ध्रुव बघून.

ठिणगी

डायोडचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात एक भर: संगणकाचा यूएसबी पुरवठा गेला तर पिन १२ कुठल्या स्थितीत राहील, हे आधी ठरवा. तिला ५ व्होल्टकडे १० किलोओहम हवाच, आणि टायमरचा पुरवठा रेडिओच्या १३.८ व्होल्टवरून ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरने घ्या. म्हणजे संगणक मेला की मागणी आपोआप सुटते.

आणि मर्यादा समजून घ्या. हा टायमर सलग प्रक्षेपण थांबवतो. प्रोग्रॅम वेड्यासारखा दर ३० सेकंदांनी पीटीटी देत राहिला तर टायमरच्या दृष्टीने सगळं ठीकच आहे.

कंपनसंख्या

तो दुसरा प्रकार (पीटीटी पुन्हा पुन्हा देणारा प्रोग्रॅम) पकडायला वेगळं काही नको, डब्ल्यूएसजेटी-एक्सचे यूडीपी (जाळ्यावरून जाणारे छोटे) संदेश आहेतच. पोर्ट २२३७. टोकाला पायथनचा शंभर ओळींचा पहारेकरी पुरतो.

प्रत्येक संदेशाची सुरुवात ठरावीक चार बाइटच्या जादुई अंकाने, मग मांडणीचा क्रमांक, मग प्रकार. सगळे अंक मोठ्या टोकाकडून. कामाचे प्रकार: १ स्थिती, २ डिकोड, ५ संपर्काची नोंद, ८ प्रक्षेपण थांबवा, १२ तीच नोंद एडीआयएफ या लॉगच्या प्रमाण मजकुरात. लॉगरसाठी १२ सर्वात सोपा, मजकूर आला तसा फाइलला जोडायचा.

मजकुराच्या आधी चार बाइटमध्ये लांबी येते. मजकूर रिकामा नसून "नाहीच" असेल तेव्हा या चारही बाइटमध्ये सगळे बिट १ असतात. ते लांबी समजून वाचायला गेलात तर चार अब्ज बाइट मागितले जातात आणि पहारेकरीच कोसळतो. ही तपासणी आधी लिहा.

स्थितीच्या संदेशात "प्रक्षेपण चालू" असा ध्वज असतो. तो गेल्या दहा मिनिटांत किती वेळा वर गेला ते मोजा, आणि मर्यादा ओलांडली की प्रकार ८ पाठवा. त्यासाठी रिपोर्टिंग विभागात "यूडीपी विनंत्या स्वीकारा" ही खूण केलेली हवी. ती नसेल तर संदेश गुपचूप टाकून दिला जातो, चूक कळतही नाही.

एका पोर्टवर साध्या पद्धतीने एकच ऐकणारा बसतो. लॉगर आणि पहारेकरी दोघांना संदेश हवे असतील तर पत्ता मल्टिकास्टचा (एकाच वेळी अनेकांना पोचणारा) द्या, नाहीतर "लॉगर लावल्यापासून पहारेकरी झोपला" ही तक्रार ठरलेली.

प्रोग्रॅमचा स्वतःचा टीएक्स वॉचडॉग (माणसाने बराच वेळ काही केलं नाही तर प्रक्षेपण थांबवणारा) बंद करू नका. मूळ मांडणीत तो ६ मिनिटांचा असतो.



त्रिज्या

आता संपर्काच्या प्रश्नाकडे. पूर्ण स्वयंचलित संपर्काला एवढा विरोध का? क्रम तर आताही प्रोग्रॅमच चालवतो. माणूस फक्त एकदा क्लिक करतो. प्रसरणाचा अभ्यास करणाऱ्याला चोवीस तासांचे संपर्क मिळाले तर माहितीच वाढते.

द्विध्रुव

त्या एका क्लिकमध्येच फरक आहे. कुणाला बोलवायचं, ही जागा मोकळी आहे का, समोरचा दुसऱ्याशी बोलतोय का, हे तो क्लिक करणारा ठरवतो. प्रोग्रॅम डिकोड झालेलं तेवढंच पाहतो. एकाच कालखंडात प्रक्षेपण करणारी दोन केंद्रं एकमेकांना कधीच ऐकत नाहीत. तिथे बसलेला यंत्रमानव तासन्‌तास दुसऱ्याच्या डोक्यावर बोलत राहील आणि त्याला पत्ताही लागणार नाही. माणूस निदान एखादा कालखंड गप्प राहून ऐकतो.

नियमही स्पष्ट आहेत. डीएक्ससीसी या (वेगवेगळ्या देशांशी संपर्कांच्या) पुरस्कारासाठी संपर्काच्या दोन्ही बाजूंच्या ऑपरेटरनी तो त्या वेळी स्वतः सुरू केलेला असावा लागतो. दूरनियंत्रण चालतं, ऑपरेटर नसणं चालत नाही. यंत्राने केलेला संपर्क फक्त आपल्या नव्हे, समोरच्याच्याही लॉगमध्ये जातो, आणि त्याला ते माहीत नसतं. मला यातलं हेच सर्वात खटकतं. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या यूडीपीतही ही मर्यादा मुद्दाम आहे: बाहेरच्या प्रोग्रॅमने पाठवलेलं "उत्तर द्या" फक्त सीक्यू किंवा क्यूआरझेड (उत्तर मागणारी खुली हाक) डिकोडसाठीच मानलं जातं.

प्रसरणाच्या अभ्यासासाठी विस्पर आहे. २००८ पासून नेमकं हेच काम करतोय. ६ हर्ट्झ रुंदी, ५० बिटांत कॉलसाइन (केंद्राचं परवाना-नाव), लोकेटर (जागेचा संकेत) आणि शक्ती. प्रक्षेपणाचं प्रमाण २० टक्के ठेवा, शक्तीचा आकडा खरा लिहा. ५ वॅट पाठवून २०० मिलिवॅट लिहिलं की त्या माहितीचा सगळ्यांसाठीच कचरा होतो. आणि १४.१०० मेगाहर्ट्झवरचे एनसीडीएक्सएफ या संस्थेचे बीकन (ठरावीक वेळी खूण पाठवणारी केंद्रं) नुसते ऐकूनही खूप कळतं: १८ केंद्रं, प्रत्येकी १० सेकंद, ३ मिनिटांत फेरी पूर्ण, आणि प्रत्येकाचे चार लांब डॅश १००, १०, १ आणि ०.१ वॅटवर. प्रक्षेपण न करता हे सगळं स्वयंचलित करता येतं.

त्रिज्या

समोरच्याच्या लॉगचा मुद्दा पटला. मग असं करता येईल: प्रकार २ चे डिकोड गाळून हवं ते केंद्र आलं की फोनवर सूचना, आणि बोलवायचं माणसाने.

कंपनसंख्या

हो, आणि तेच सर्वात उपयोगी स्वयंचलन आहे. फक्त −२१ डीबीच्या खालचे एकुलते एक डिकोड सूचनेतून वगळा. खोटे डिकोड तिथेच येतात: १४ बिटांची तपासणी बेरीज आहे, हजारो प्रयत्नांत एखादी चुकून जुळतेच. तीच कॉलसाइन दोन वेळा, तशाच ऑडिओ वारंवारतेवर दिसली तरच सूचना द्या.

अनुनाद

बँड बदलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. विस्परची बँड हॉपिंग डब्ल्यूएसजेटी-एक्समध्येच आहे. सूर्योदय, दिवस, सूर्यास्त, रात्र असे वेगळे बँड निवडता येतात. बँड बदलताना तो "यूझर हार्डवेअर" नावाची आज्ञा चालवतो आणि सोबत बँडचे मीटर देतो. अँटेना रिले किंवा ट्यूनर त्यातून हलवा. प्रत्येक बँडवर एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारं प्रमाण) आधी हाताने मोजा आणि २ च्या वर असेल तिथे प्रक्षेपणाची खूण काढून फक्त ऐका. रिले फिरायला २० ते ५० मिलिसेकंद लागतात. प्रक्षेपण चालू असताना तो हलला तर संपर्कबिंदू जळतात, म्हणून रिलेचा पुरवठा पीटीटीने अडवा.

लघुलहरी

खूप आभार. टायमर ४०६० चाच बांधणार. पॅकेटसाठी कोणते आकडे ठेवावेत? आणि २१ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण सुरू होताच कधीकधी यूएसबी ऑडिओ गायब होतो, त्याचं काय?

ठिणगी

पॅकेट: डायरवुल्फचे मूळ आकडे बहुतेक ठिकाणी चालतात. टीएक्स-डिले ३०, म्हणजे ३०० मिलिसेकंद. पर्सिस्ट ६३, म्हणजे वाहिनी मोकळी दिसली की दर खाचेला चारात एक शक्यता. स्लॉटटाइम १०, म्हणजे १०० मिलिसेकंद. टीएक्स-डिले कमी करून पाहायचा असेल तर ५० मिलिसेकंदांच्या पायरीने, आणि दुसऱ्या ग्राहकावर डिकोड होतंय का ते बघत. रेडिओचा स्क्वेल्च (संकेत नसताना आवाज बंद करणारा) उघडा ठेवा. तो बंद असेल तर उघडेपर्यंत पॅकेटची सुरुवात कापली जाते. स्थिर केंद्राचा एपीआरएस (पॅकेटवर जागा कळवणारी पद्धत) बीकन अर्ध्या तासाने एकदा पुरे; जागा बदलत नाही तर दर मिनिटाला सांगण्यात काय अर्थ?

यूएसबी: आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) तीच शक्ती पाठवा. डमी लोडवरही ऑडिओ जात असेल तर दोष पुरवठ्याचा किंवा केबलचा. बोर्डाच्या नोंदीत कमी व्होल्टेजचा इशारा शोधा. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बिघाड, तर केबलच्या बाहेरून आरएफ परत येतंय. अँटेनाच्या फीडपॉइंटवर ३१ मिश्रणाच्या एफटी२४० फेराइट रिंगवर कोअॅक्सचे १० ते १२ वेढे, आणि यूएसबी केबलचे ३१ मिश्रणाच्या क्लॅम्पमधून मावतील तितके वेढे, बोर्डाच्या टोकाशी. एकाच बँडवर होतंय म्हणजे एखादी तार त्या बँडला अनुनादी लांबीची आहे. २१ मेगाहर्ट्झला पाव लांबी सुमारे साडेतीन मीटर. तेवढी यूएसबी किंवा पुरवठ्याची तार असेल तर आधी ती लहान करा.

अनुनाद

टायमर बांधून झाला की रेडिओ डमी लोडवर ठेवून तीन चाचण्या घ्या. प्रक्षेपण चालू असताना डब्ल्यूएसजेटी-एक्सला लिनक्सचा स्टॉप सिग्नल पाठवा: १९ सेकंदांच्या आत रेडिओ ग्रहणावर आला पाहिजे. मग यूएसबी केबल उपसा: लगेच सुटला पाहिजे. मग बोर्डाचा पुरवठा बंद करून पुन्हा द्या आणि सुरू होईपर्यंत पीटीटीच्या एलईडीकडे लक्ष ठेवा: तो एकदाही लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर आरटीएस-डीटीआरच्या जोडीतली एक रेषा उलटी जोडलेली आहे.

बोर्डाचा हार्डवेअर वॉचडॉग आणि रिगसीटीएलडी थांबताना पीटीटी सोडणारी आज्ञा हे दोन्ही या चाचण्यांनंतर लावा. आधी लावलेत तर टायमर खरंच चालतोय की वॉचडॉगने वाचवलं, हे कळत नाही.